परवानगीपुरतं बोलणं

भाभी आधी पिंपळे गुरवला आमच्या शेजारी राहायची. मोशीत दुकानाला जागा मिळाली म्हणून ती तिकडे गेली, नवऱ्याचं गॅरेज एका गाळ्यात आणि तिचं शिलाईचं दुकान लगतच्या. चाकणच्या कंपन्यांमधून सुटलेल्या बायकांना घेऊन येणाऱ्या बसेस तिथेच थांबतात. उतरलेल्या बायका कधी फॉल-पिकोला, कधी नुसत्या टेकायला भाभीकडे येतात. मी आकुर्डीच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. दर रविवारी आम्ही काही जणी तिच्या दुकानात जमायचो, आठवड्यात जे लिहिलं असेल ते एकमेकींना वाचून दाखवायचो. कुणी सासूबद्दल लिही, कुणी ड्रेनेजबद्दल. भाभी उर्दू शाळेत शिकलेली, तिला मराठी लिहायचा कंटाळा, ती बोलायची आणि मी उतरवून घ्यायचे.

परभणीहून आलेली म्हणून जिला आम्ही परभणीची म्हणतो, ती आमच्यात सगळ्यात लहान. एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागलेली, पॅकिंगच्या कामावर. एके दिवशी मी सहज भाभीकडे गेले होते. दुपारची बस लागली, बायका उतरल्या, पण ही त्यांच्यात नव्हती. बऱ्याच वेळानं ती रिक्षातून आली. खालचा ओठ फाटलेला, ओढणी नाही, एका पायात चप्पल.

ठेकेदाराचा सुपरवायझर बसमध्ये हजेरी घ्यायचा, तीही बायकांच्या खांद्यावर, पाठीवर हात ठेवत. हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी हिनं हात झटकला.

"मी फक्त एवढंच म्हणलं, की हजेरी तोंडानं घे, हातानं नको," ती म्हणाली. "तर बस थांबवली अन् केसाला धरून खाली ओढलं मला. रोडवर मारलं. बस निघून गेली. एकीनं बी तोंड उघडलं न्हाई, ताई."

भाभीनं तिला पाणी दिलं, दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाली, "चलो. आत्ताच जायचं."

पहिल्या पोलीस ठाण्यात विचारलं, बस कुठे थांबली होती? फाट्याच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे म्हटल्यावर ते म्हणाले, मग आमची हद्द नाही. दुसऱ्या ठाण्यात विचारलं, राहता कुठे? मोशीत राहत असाल तर तिकडेच द्या तक्रार. परत पहिल्याकडे आलो. या सगळ्या फेऱ्यांमध्ये तिच्या ओठावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. शेवटी एका हवालदारानं अदखलपात्र नोंद करून घेतली. मारहाण, केस ओढणं, पाठीवरचा हात, सगळ्याचं मिळून तिथे झालं होतं 'प्रवासादरम्यान किरकोळ वाद'.

घरी येऊन मी माझ्या वडिलांना सांगितलं. त्यांची सगळी नोकरी आकुर्डीच्या कारखान्यात गेली. युनियनच्या संपात गेटवर लाठ्या खाल्लेला माणूस. मला वाटलं, ते चवताळून उठतील. ते म्हणाले, "तेव्हाचे दिवस वेगळे होते. आता तू यात पडू नकोस." त्या दिवशी मला पोलिसांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

आम्ही ठरवलं, जे झालं ते लिहायचं आणि मोशीच्या मैदानात सगळ्यांसमोर वाचायचं. मी मजकूर लिहिला, परभणीचीला वाचून दाखवला, तिनं दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. माइकसाठी परवानगी लागते म्हणून पोलिसांकडे अर्ज केला, तर उत्तर आलं, काय वाचणार ते आधी दाखवा.

अधिकारी बाईच होत्या. टेबलावर डबा न उघडता पडलेला, फोन सारखा वाजत होता. बाई आहेत, समजून घेतील, असं मला जिना चढताना वाटलं होतं. त्यांनी लाल पेन काढलं.

"'मारलं' असं कसं लिहिता? सिद्ध झालंय का?"

"तिचा ओठ फाटला होता मॅडम. तुमच्याच हवालदारांनी बघितलाय."

"तपास सुरू आहे. 'वाद झाला' लिहा." त्यांनी रेघ मारली. "आणि हे काय, 'दोन ठाण्यांनी हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं'. हे सगळंच काढा."

"पण असंच झालंय."

"तुम्ही शिकवता ना कॉलेजात? मग तुम्हाला कळायला पाहिजे. उद्या तिथे दंगा झाला तर मला वरून विचारणार, तुम्हाला नाही."

मुलांच्या निबंधावर मी मारते तशाच रेघा त्या मारत होत्या. वाचण्यासारखं उरलं ते एवढंच, की चाकण परिसरात अनेक महिला काम करतात आणि त्यांचा प्रवास सुरक्षित असावा. त्यावर शिक्का मारून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी जिना उतरून खाली आले, स्कूटीची किल्ली सापडेना आणि मला तिथेच पार्किंगमध्ये रडू आलं.

भाभी म्हणाली, कार्यक्रमच नको. दुसरी म्हणाली, सगळं वाचायचं, बघू काय करतात. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की खोडलेल्या वाक्यांच्या जागी दुसरं काही वाचायचं नाही. तिथे गप्प उभं राहायचं. लोकांना कळेल.

लोकांना कळलं नाही. रविवारी सकाळी मैदानात बऱ्यापैकी बायका जमल्या होत्या, कडेला पुरुष, त्यांच्यामागे पोलीस. मी वाचायला लागले. पहिल्या खोडलेल्या ओळीपाशी थांबले. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज येईना!" मंडपवाला धावत येऊन वायर हलवून गेला. मी पुढचं वाक्य वाचलं, परत थांबले. आता सगळेच माइककडे बघायला लागले. "बॅटरी गेली वाटतं," पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली. इतक्या विचारानं ठरवलेलं सगळं बिघडलेल्या माइकवर जात होतं.

तेवढ्यात परभणीची उठली. तिनं माझ्या हातातून माइक घेतला.

"माइक चालू हाय," ती म्हणाली. "ताईला बोलायची परवानगी न्हाई, म्हणून ती थांबायली. मी सांगते. मला बसमधून केसाला धरून खाली ओढलं. रोडवर मारलं. पोलिसात गेले तर म्हणले, फाट्याच्या पलीकडं मार खाल्लास, तिकडं जा."

एवढ्यावर एका पोलिसानं खरोखरच वायर ओढली. ती तशीच, माइकशिवाय, घशाच्या शिरा ताणून बोलत राहिली. त्या दिवशीच्या बसमधल्या बायका एका बाजूला उभ्या होत्या, त्यांतली एक मोठ्यानं म्हणाली, "व्हय, मी बघितलंय. खरं हाय सगळं." ती मोशी गावच्याच जुन्या घराण्यातली होती. इतके दिवस गप्प बसलेली.

आम्हा सगळ्यांना गाडीत घालून नेलं आणि दिवेलागणीपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. परवानगीच्या अटींचा भंग, शांततेला बाधा. ज्या ठाण्यात तिची तक्रार घ्यायला हद्द आडवी आली होती, तिथेच आमच्यावरची कारवाई तासाभरात कागदावर उतरली.

मोशीच्या त्या बाईनं जबाब दिला म्हणून शेवटी सुपरवायझरवर गुन्हा दाखल झाला. तो आत गेला तसा त्याच दिवशी जामिनावर बाहेर आला. आता दुसऱ्या कंपनीच्या बसवर असतो, असं ऐकलं. परभणीचीला ठेकेदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नको. मोशीच्या बाईचंही काम गेलं. मला प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, तुमचे विचार तुमच्यापाशी ठेवा, कॉलेजचं नाव नको यायला. आणि आम्हाला सहायक पोलीस आयुक्तांसमोर तारखा सुरू झाल्या: वर्षभर असं काही करणार नाही असा बाँड का लिहून घेऊ नये? दर तारखेला रजा टाकून जायचं, बाहेर उभं राहायचं, साहेब बंदोबस्ताला गेलेत असं ऐकून परत यायचं. कुणावर ओरडावं तेही कळत नाही. कारकून बिचारा म्हणतो, मॅडम, मी काय करू?

भाभीच्या घरी मात्र पोलीस वेगळे जायला लागले. एकदा भाडेकरार बघायला, एकदा गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांची कागदपत्रं बघायला, एकदा नवऱ्याचे भाऊ कुठे कुठे असतात ते विचारायला.

"इतक्या जणी होतो आपण," ती मला म्हणाली. "मैदानात मी तर एक शब्दसुद्धा बोलले नव्हते. मग माझ्याच घरी कसे येतात गं?"

याचं उत्तर तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी त्या ठाण्यात जाऊन विचारलं. 'नियमित तपासणी' एवढंच सांगितलं. मी वाद घातला, आवाज चढवला, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस परत तिच्याच दारात. त्यानंतर मी तिच्यासाठी काही करायलाही घाबरते. रविवारचं जमणं आता जवळच्या बुद्धविहाराच्या खोलीत होतं. भाभी कधी येते, कधी नाही. येते तेव्हा दाराजवळ बसते.

मूळ मजकूर, एकही ओळ न खोडलेला, आम्हाला छापायचा होता. छापखानेवाल्यानं आधी हो म्हणून, कुणाचा तरी फोन आल्यावर नाही म्हटलं. मग परभणीचीनं तो स्वतःच्या आवाजात मोबाइलवर वाचला आणि ती ध्वनिफीत बायकांच्या ग्रुपवर पसरली. चाकणपासून पार तळेगावच्या बाजूपर्यंतच्या बायकांनी उलट आपापल्या आवाजात पाठवायला सुरुवात केली. कुणाला रात्रपाळीत कोंडून ठेवलेलं, कुणाला गरोदर आहे कळताच काढून टाकलेलं. मी हे सगळं बसमध्ये ऐकते, जेवताना ऐकते. मला काय वाटायचं, एकदा नीट लिहिलं की निदान पुढचीला तरी हद्द विचारणार नाहीत. आता पुढच्या रोज बोलतायत आणि त्यांना हद्दच विचारली जातेय.

परभणीची आता एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागली आहे. परवा तिचा फोन आला.

"ताई, इथं बी एक हाय तसाच. माझ्या वाटेला न्हाई गेला, पण एका पोरीला लई त्रास द्यायलाय. रविवारी तिला घेऊन येऊ का?"

त्या रविवारच्या आधी शुक्रवारी आमची तारीख होती. मी चिडून म्हणाले, "अगं, आधीचंच निस्तरलं नाहीये."

"ते मला बी माहीत हाय," ती म्हणाली. "येऊ का ते सांगा."

"ये," मी म्हणाले.