साळ्याचे दोन जपानी शब्द

कुरखेड्याकडच्या साऱ्या रानात माझ्या साळ्याइतका हट्टी माणूस जन्मला नाही, आणि त्याच्याइतका मऊ बोलणाराही नाही. लढाईत तो पलटणीबरोबर गेला, जपान्यांच्या कैदेत सापडला आणि तीन वर्षं त्यांच्या भटारखान्यात लाकडं फोडून परत आला. आणलं काय, तर दोन शब्द. पहारेकरी ताट आदळून म्हणे ‘ताबेरो’, म्हणजे खा, हा हुकूम. म्हातारा आचारी तेच ताट पुढं सरकवून म्हणे ‘ताबेते’, म्हणजे खा ना रे. ‘भाऊजी, भात एकच, पर आचाऱ्याचा पोटात राहे,’ असं तो शपथेवर सांगे. तेव्हापासून त्यानं हुकूम ऐकणं सोडलं. जंगलाचा नाकेदार ओरडला, ‘ए, इकडं ये!’ तर हा बांबूची मोळी डोक्यावर घेऊन भर उन्हात तसाच उभा. शेवटी नाकेदारच घामाघूम होऊन ‘या ना भाऊ’ म्हणाला, तेव्हा हलला. बैलालाही ‘चाल ना बापू’ म्हणे. नांगर दुपारपर्यंत एकाच ओळीत, पण बैल खूश.

माझ्या घरी आला की मात्र त्याचा जीव कासावीस होई. मी बायकोशी ‘पाणी आण, भात वाढ’ एवढंच बोलणारा, आणि ती सगळ्यांच्या मागून चुलीपाशी उरलंसुरलं खाणारी. एकदा तो तिच्यादेखत म्हणाला, ‘भाऊजी, बाईले एकडाव म्हणून पाहा ना, ताबेते.’

‘भूक लागली तं खाईल ते. मी काय आचारी आहो?’

ती पदर तोंडाला लावून हसली. मग हसणं थांबवून माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मी हात धुवायला उठलो.

औंदा ती गेली. दहाव्याला तलावाच्या पाळीवर पिंड ठेवला, वर तिच्या आवडीची झिंग्यांची चटणी. कावळे झाडावर बसून, एक उतरेना. पोरानं धाकट्या बहिणीच्या लग्नाचं वचन दिलं, भावकीनं हात जोडले. मी खेकसलो, ‘खाय आता, ऊन चढून राह्यलं!’ कावळे आणखी वरच्या फांदीवर गेले. साळा नुसता माझ्याकडं पाहत राहिला. मग मी पिंडाजवळ उकिडवा बसलो आणि साऱ्या भावकीदेखत म्हणालो, ‘ताबेते.’

कावळा उतरला.

‘लई दिस भुकेली ठेवली, भाऊजी,’ साळा म्हणाला, मऊ आवाजातच.

सांजेला त्यानंच भात रांधला, ताट माझ्यापुढं सरकवलं आणि तोच शब्द बोलला. मी जेवलो.