रघुजी कोणत्या घरी पोचला

मनावर गावच्या शरच्चंद्र मास्तरांना नर्मदेवरच्या पर्यटकांच्या बोटीत माहिती सांगायचं काम मिळालं, तेव्हा ओळखीच्या लोकांनी मास्तरांचं अभिनंदन केलं आणि बोटीची कीव केली. मास्तर बोलायला लागले की घंटा झाल्याशिवाय थांबत नसत, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. पण आता शाळा संपली होती. पत्नी विद्युल्लताबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा अजेय बंगळुरात. रविवारी फोन करून ‘बाबा, गोळ्या घेता ना?’ एवढं विचारायचा. घरी बोलायचं तर दाराच्या कुलपाशी. म्हणून आठवड्यातले चार दिवस माईक हातात आला की मास्तरांचा जीव भांड्यात पडायचा.

बोट दोन तासांची. धरणाच्या फुगलेल्या पाण्यातून, जंगलाच्या कडेकडेनं जायची. मगरी म्हणून जे दाखवलं जाई ते बहुधा ओंडकेच असत. शेवटी एक टेकाड यायचं. त्यावर संस्थानी काळातली कैद्यांची चौकी होती. आता दोन भिंती आणि पाण्यात उतरणाऱ्या जिन्याच्या वरच्या चार पायऱ्या तेवढ्या शिल्लक. कैदी तिथं दगड फोडत. मास्तरांचे आजोबा मोरोपंत त्या चौकीवर कारकून होते. त्यांची मोडीत लिहिलेली रोजनिशी मास्तरांच्या कपाटात होती, आणि ती वाचू शकणारं मास्तरांखेरीज आता कुणी उरलं नव्हतं.

चौकीपाशी बोट थांबली की मास्तर आवाज खाली आणत. घोडा चोरला म्हणून सात वर्षांची सजा झालेला पीपलरावां गावचा रघुजी याच जिन्यावरून भर पुरात उडी टाकतो. पोहतो, जंगल तुडवतो, आणि अकराव्या दिवशी आपल्या घरी पोचतो. बायको दारातच उभी! इथं टाळ्या पडत. गोष्ट हिंदीत असायची, पण टाळ्या कोणत्याही भाषेत गोडच लागतात.

सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळच्या फेरीला सत्तरीला टेकलेल्या एक बाई होत्या. डोक्यावर पदर, शेजारी भाचा. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. घाटावर सगळे उतरले तरी त्या बसूनच राहिल्या.

“मास्साब, मी मालन. देवासहून आले. रघुजी माझे आजोबा.”

मास्तर हरखलेच. “वा! मग पुढचं तुमच्याकडूनच ऐकायला हवं!”

“पुढचं तुम्ही सांगा. घरी पोचले म्हणता. कोणत्या घरी?”

“कोणत्या म्हणजे?” मास्तरांनी विचारलं.

“आमच्याकडे तर ते आलेच नाहीत. सीताआजी विसाव्या वर्षापासून त्र्याहत्तराव्यापर्यंत कुंकू लावून बसली. पितरांत त्यांचं पान वाढू दिलं नाही. म्हणायची, जिंदा माणूस आहे, येईल. आता या अंकितनं मोबाइलवर तुमचा व्हिडिओ दाखवला. ते जगले, बायको दारात उभी होती, तर ती बायको कोण? माझी आजी कुणासाठी बसली होती?”

“आत्या चार दिवस बरोबर जेवली नाही, सर,” अंकित म्हणाला. “जो है वो बता दो.”

खोटं बोलून सुटणं सोपं होतं. रोजनिशीत तसंच लिहिलंय म्हटलं असतं तर ताडून कोण बघणार होतं?

“बाई, ते मी रचलं,” मास्तर म्हणाले. “रोजनिशीत एकच ओळ आहे. रघुजी, राहणार पीपलरावां, यानें पाण्यांत उडी घेतली; दोन दिवस शोध केला, प्रेत मिळालें नाहीं.”

“मग पोचवलंत कशाला?”

“पहिला महिना मीही उडीपर्यंतच सांगायचो. पण फेरी संपली की लोक आपापल्या घरी जायचे आणि मी कुलूप उघडायला. वाटायचं, दारात कुणीतरी उभं असावं. माझ्या नाही, तर त्याच्या तरी.”

मालनबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “तुमचं घर रिकामं, म्हणून माझ्या आजीचं घर मोडलंत.”

“हो,” मास्तर म्हणाले. त्यांना फार लाज वाटली.

मग बाई रडल्या. रडता रडता म्हणाल्या, “म्हणजे आजीला टाकून नाही गेले.” ते घराकडेच निघाले असणार, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. तेही त्यांनी गिळलं. बाईंनी वाकून नर्मदेचं ओंजळभर पाणी घेतलं आणि परत नर्मदेतच सोडलं.

“उद्या त्यांचं पान वाढते,” त्या म्हणाल्या. जाताना सवयीनं मास्तरांचा नंबर मागून घेतला. “पोचले की फोन करते.”

दुपारच्या फेरीत मास्तरांनी गोष्ट उडीपाशीच थांबवली. टाळ्या पडल्या नाहीत. “फिर क्या हुआ?” एकानं विचारलं. “मालूम नहीं,” मास्तर म्हणाले आणि माईक खाली ठेवला. बोटीचा मालक तोंड वाकडं करून गेला. उद्या बोलावणं येईल की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी घाटावरच्या टपरीवर मास्तरांचा तिसरा चहा चालला होता. ही त्यांची नेहमीची युक्ती. जेवढा उशीर कराल तेवढं घर कमी. मनावरला जाणारी एक बस त्यांनी सोडली, दुसरीही सोडली. तेवढ्यात फोन वाजला.

“मास्साब, मी पोचले. तुम्ही पोचलात?”

हो, पोचलो, असं ते म्हणणारच होते. पण खोटं आता बास झालं होतं.

“नाही अजून. घाटावरच आहे.”

“अहो, अंधार पडला की! निघा आता. आणि पोचलात की फोन करा, मी वाट बघते.”

मास्तरांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि लगबगीनं तिसऱ्या बसला हात केला.