जेमचा पहारा

ऑलरकूममध्ये मेलेल्या माणसालासुद्धा लगेच विसावा मिळत नाही. चर्चच्या आवारात जो सगळ्यांत शेवटी पुरला जातो, त्याने फाटकावर पहारा द्यायचा, पुढचा येईपर्यंत. हे कोणी ठरवलं, कोणाला ठाऊक नाही. ओढ्यावरचा पूल दुरुस्त करायचं म्हटलं तर या गावात एकमत होत नाही, चर्चवाले आणि वेगळ्या पंथाचे चॅपेलवाले एकमेकांना पाण्यात पाहतात, पण पहाऱ्याच्या बाबतीत दोघांचं तोंड एका दिशेला. नवे पाद्री मिस्टर फेन यांनी या खुळ्या समजुतीविरुद्ध घसा कोरडा करून प्रवचन दिलं. लोकांनी मान डोलावून ऐकलं आणि बाहेर पडताना फाटकाशी नेहमीसारख्या टोप्या काढल्या.

त्यामुळे एका दिवशी दोन मयतं निघाली की आमच्याकडे शर्यत लागते. मागून येईल त्याच्या नशिबी पहारा.

सेलिना टॅपच्या जेमला पोहोचवायच्या दिवशी नेमकं गिरणीवाल्या म्हाताऱ्या जेसपचंही मयत होतं. जेम सहा वर्षांचा, घटसर्पाने गेलेला. त्याची पेटी दोन माणसं हातांवर घेऊन वितळत्या बर्फातून जपून चालली होती. चढणीवर मागून जेसपची गाडी आली. त्याच्या पोरांनी घोड्यांना चाबूक मारला, सेलिनाच्या काळ्या झग्यावर चिखल उडवला आणि ऐंशी वर्षांच्या बापाला आधी आत घातलं. "बापाला थंडी सोसत नव्हती हो," थोरला नंतर पबमध्ये म्हणाला. यावर हसणारी माणसंही निघाली. असलं आमचं गाव.

आणि जेम अंधाराला भिणारा. मागच्या अंगणातून लाकडं आणायची तरी आईचा पदर, म्हणजे तिच्या एप्रनचं टोक, मुठीत धरून जायचा.

सेलिना गावची सुईण. मेलेल्यांना न्हाऊमाखू घालायचं कामही तिचंच. गावात येणारा आणि गावातून जाणारा, दोघेही तिच्याच हातून. नवरा समुद्रात बुडालेला, त्याला कबरही नव्हती. जेम गेल्यावर ती रोज दिवस मावळताना फाटकाशी जाऊन बसू लागली. तिथे तो असतो, म्हणायची. डाव्या खांबाला पाठ लावून उभा असतो आणि भीती वाटली की करायचा तसा नाकातल्या नाकात गुणगुणतो. आम्ही कोणी ते ऐकलं नाही. पण संध्याकाळी त्या वाटेने आम्ही कोणी जातही नव्हतो.

पुढचा माणूस आला की पोर सुटणार होतं. पण त्या वर्षी गावात कोणी मरेचना! खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्या उठून कोंबड्यांमागे धावू लागल्या. गाव खूश. सेलिना मात्र झिजत चालली. दुकानात कोणी खोकलं की तिची मान वळायची. "अगं, पेटीसाठी माप घेतेस की काय माझं?" दुकानदारीण एकदा फटकन बोलली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बाकीच्यांनी आजारपणात तिला बोलावणंच बंद केलं.

मेंढपाळ रूबेन लक्स्टनची छाती भरली, तेव्हा डॉक्टरची वाट पुराने बंद होती. त्याची बहीण थर्झा निमूटपणे सेलिनाला घेऊन आली.

"ये, सेलिने," रूबेन धापा टाकत म्हणाला. "पोराच्या जागी उभं राहायला माणूस हवाय ना तुला?"

"काहीतरीच काय, रूबेनबाबा! तोंड उघडा."

"खरं सांग. उंबरा ओलांडताना मनात आलं की नाही?"

तिने काढ्याचा चमचा खाली ठेवला. "आलं," ती म्हणाली.

"मग दे काढा. नाही म्हणाली असतीस तर तुझ्या अंगावर थुंकलो असतो."

तिने त्याला शेक दिला, पाठ चोळली, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. रूबेन वाचला. ती थेट फाटकाशी गेली आणि खांबाला हात लावून म्हणाली, "अजून थोडं थांब रे बाळा. आईला नाही जमलं."

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत रूबेन मेंढरांमागे फिरता फिरता टेकडीवरच बसला, तो पुन्हा उठलाच नाही. सेलिनाने त्याला न्हाऊ घातलं, दाढी विंचरली आणि कानाशी वाकून सांगितलं, "पोर भितं हो. लवकर या." बायका येऊन तिला कवटाळत होत्या: "सुटलीस गं बाई!" जेसपच्या पोरांनीसुद्धा न बोलावता खांदा दिला.

मयत फाटकाशी आलं आणि सेलिना मध्ये उभी राहिली. दोन्ही हातांनी दोन्ही खांब धरून.

मिस्टर फेन बुचकळ्यात पडले. पेटी खांद्यांवर तशीच. "आता काय झालं हिला?" जेसपचा थोरला पुटपुटला.

इतके महिने ती पोराची सुटका मागत होती. सुटका म्हणजे जाणं, हे तिला त्या क्षणी कळलं. हा माणूस आत गेला की उद्या संध्याकाळी ती कोणाजवळ येऊन बसणार होती?

थर्झा पुढे झाली. "सेलिने, माझा भाऊ ताटकळलाय गं."

"आज नको, थर्झाताई. उद्या आणा."

"आणि उद्या आणला तर?"

सेलिनाने खांब आणखी घट्ट धरले.

"तुला पोर जवळ हवंय, मला दिसतंय," थर्झा हळूच म्हणाली. "पण दमलं असेल गं ते. आता नीज म्हणून आईनेच सांगायला नको का?"

सेलिनाचा चेहरा वेडावाकडा झाला. डाव्या खांबाशी ती चिखलात गुडघ्यांवर बसली. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. आम्ही मान खाली घातली होती. मग तिने फाटक स्वतःच्या हाताने उघडून धरलं.

त्या संध्याकाळी ती पुन्हा तिथे जाऊन बसली. थर्झा भावाच्या कबरीवर फुलं ठेवून परतत होती, तिने पाहिलं. सेलिना डाव्या खांबाला कान लावून बराच वेळ ऐकत राहिली. काहीच नव्हतं.

"रूबेनबाबा," तिने विचारलं, "निजला का हो तो?"