पत्रकात न छापलेली ओळ

ते पत्रक मी लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला साळसूद समजायला नको.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते, तेव्हा मी पत्रकं लिहायला शिकले. परभणीच्या छापखान्यात उभ्या उभ्या मजकूर लिहून द्यायची. ओळ आखूड, शब्द धारदार. त्या लढ्यात एक डॉक्टर आमच्यासोबत होता. विद्यार्थी असताना आमच्याबरोबर तुरुंगात गेलेला, आमच्या घरी पिठलं-भाकर खाल्लेला. मी त्याला दादा म्हणायची. पुढं तो कुष्ठरोगाच्या एका संशोधन प्रकल्पात लागला आणि सोनपेठ भागात आला.

"नवा उपचार आलाय," तो म्हणाला. "तीन औषधं एकदम. जन्मभर गोळ्या खायला नकोत, दोन वर्षांत माणूस मोकळा. पण लोक पुढं येत नाहीत. तू लिही."

मी लिहिलं. 'लपू नका. गोळ्या घ्या. बरे व्हा. कुणाला कळणार नाही.' शेवटची ओळ त्याला फार आवडली.

पहिला कागद मी दिला आमच्या वस्तीतल्या सुईणीला. मावशी म्हणायची मी तिला. माझी नाळ तिनंच कापलेली. गावातल्या मोठ्या घरांतली बाळंतपणंही तिच्याच हातची. तिथं तिला चहाला वेगळी कपबशी, पण बाळ पहिल्यांदा यायचं ते तिच्याच हातात. त्याआधी एकदा तिची पाठ चोळून देताना मला चट्टे दिसले होते. नखानं टोचलं तरी तिला कळेना. मी तिला दादाकडे नेलं. त्यानं कानाच्या पाळीला बारीक चीर दिली, काचेवर पुसून घेतलं, आत जाऊन तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "वेळेत आलात मावशी."

मावशीनं एकच विचारलं, "माझे हात चालतील न्हवं? हात गेले तर मला कोन बोलावनार?"

"हात शाबूत राहतील. आणि कुणाला कळणारसुद्धा नाही."

माझीच ओळ त्यानं तिला ऐकवली. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी सोनपेठला एका बंद गोदामाच्या ओट्यावर गोळ्या मिळायच्या. पाचएक महिन्यांत मावशी काळवंडली. उन्हानं होतं तसं नाही. तांब्याचं भांडं चुलीवर विसरून राहावं तसा रंग, आणि चट्टे त्याहून गडद. हातपंपावर बाया चेष्टा करायच्या, "काय गं मावशे, कोळशाची वखार टाकली का?"

"टाकली की. तुझा नवराच लावलाय हमालीला."

मग बाजारात लोकांच्या ध्यानात आलं की त्या ओट्यावर बसणाऱ्या कितीतरी जणांचा रंग असाच झालाय. त्या दिवसापासून तो रंग म्हणजे महारोग. चेष्टा थांबली. मावशीची घागर पंपाखाली आली की बाकीच्या घागरी मागं सरकायच्या. बोलावणी बंद झाली. आधी मोठ्या घरांतली, मग आमच्याच वस्तीतली.

एक दिवस ती आमच्या दारात आली. पानाच्या चंचीतून माझं पत्रक काढलं. वाचता येत नव्हतं, पण घडी नीट जपलेली.

"वाच. ह्यात कुटं लिवलंय, तोंड असं काळं व्हईल म्हनून?"

कुठंच लिहिलं नव्हतं.

मी सोनपेठ गाठलं. दादाच्या टेबलावर एक इंग्रजी पुस्तिका होती. त्याच्या समोरच उघडली. एका माणसाचे तीन रंगीत फोटो. उपचाराआधीचा, चालू असतानाचा, संपल्यानंतरचा. मधला चेहरा मावशीसारखा काळा. खाली सरळ लिहिलेलं, औषधानं कातडी काळी पडते, उपचार संपल्यावर हळूहळू उतरते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर अर्धे लोक पहिल्याच महिन्यात पळाले असते. उपचार पुरा करणारे दाखवता आले नाहीत तर प्रकल्प बंद पडेल."

"मावशीला कुणी बोलवत नाही आता, दादा."

"बोटं राहिली ना तिची? मग?" तो पुस्तिका माझ्या हातून काढून घेत म्हणाला, "आणि तू कशाला चिडतेस? पत्रकात थोडंच सगळं लिहितात? तुला मी शिकवायचं का?"

एक ठेवून द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण त्यानं माझ्याबरोबर लाठ्या खाल्ल्या होत्या. खरं तर म्हणूनच द्यायला पाहिजे होती.

घरी येऊन मी मावशीला सगळं सांगितलं आणि रागाच्या भरात म्हणाले, "फेकून दे त्या गोळ्या."

"येडी का खुळी तू? काळी तर झालेच. आता बरी व्हायचं बी सोडू का?"

ती महिन्याच्या महिन्याला जात राहिली. एकटी.

त्याच साली माझ्या वहिनीचे दिवस भरले. पहाटे कळा सुरू झाल्या. मावशीचं घर दहा पावलांवर. मी आईला म्हणाले, "मावशीला हाक मारते. गोळ्या सुरू झाल्यावर तो रोग दुसऱ्याला लागत नाही."

ही गोष्ट खरी होती. मी मुद्दाम दुसऱ्या डॉक्टरला विचारून आले होते.

आई कपड्यांचं गाठोडं बांधत होती. वर न बघता म्हणाली, "कुनाला कळनार न्हाई, हे बी तूच म्हनली होतीस. कागदावर छापलं होतंस. आता कंचं खरं धरू मी?"

भाऊ दवाखान्यात न्यायला जीप घेऊन आला. वहिनीला उचलून मागच्या बाकावर ठेवताना गलका झाला, तशी मावशी तिच्या उंबऱ्यापर्यंत आली. पुढं आली नाही. पदर तोंडावर ओढून तिथूनच ओरडली, "वाट लय खराब हाय! तिला डाव्या कुशीवर निजवा, अन् गचक्याला कंबर धरा!"

जीप निघाली. आईनं तिच्याकडे बघितलं नाही. पण पुढच्या वळणावर वहिनीला डाव्या कुशीवर केलं. मी कंबर धरून बसले.