इस्त्री केलेलं विज्ञान

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाला मी इस्त्री केली. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण सगळ्या तालुक्याला ते माहीत आहेच.

मी शिक्षण खात्याच्या तालुका कार्यालयात कॉम्प्युटरवर बसणारा कंत्राटी माणूस. नीलगंगा हूगार अक्कोरूंनी, म्हणजे आमच्या भागातल्या बोलीत हूगार बाईंनी, बेंगळूरुहून मागवलेलं पुस्तक माझ्या टेबलावर आलं आणि माझीच पाण्याची बाटली त्यावर आडवी झाली. जाड पानं पापडासारखी फुगली. मी कोप्पळला राहून बीए झालेला हुशार माणूस. समोरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची इस्त्री मागून आणली, पानन् पान दाबून सपाट केलं आणि पुस्तक होसगुड्डच्या बसमध्ये कंडक्टरच्या हवाली केलं. पुस्तक एका आंधळ्या मुलीचं आहे हे मला माहीत होतं. पानांवरचे उठलेले टिपके हेच पुस्तक, हे माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी अक्कोरूंनी मला नोंदी तपासायला सोबत होसगुड्डला नेलं. अकरा वर्षं त्यांचं हेच काम. चौतीस गावं, एक्कावन्न मुलं, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. खांद्याला पिशवी, तिच्यात ब्रेलची पाटी, कानातल्या मशीनच्या बॅटऱ्या आणि ज्वारीची भाकरी. मुलांना शिकवणं हे त्यातलं सोपं काम. घरच्यांशी आणि मास्तरांशी भांडणं हे अवघड, आणि त्याचा पगार वेगळा मिळत नाही. नेमणूक मात्र दरवर्षी नव्यानं, जणू ही मुलं उन्हाळ्यात बरी होतात.

हुलिगेम्मा शाळेच्या कट्ट्यावर पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पंधरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या.

"अक्कोरू, पुस्तक फार सुंदर पाठवलंत," ती म्हणाली. "काय गुळगुळीत! विजेचा धडा तर इतका सुंदर, की त्यात एक अक्षर नाही."

अक्कोरूंनी पानावरून बोट फिरवलं. मग पान नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तम्मा, हा अंगात घातलाय त्या शर्टाला कधी इस्त्री केलीयस?"

"नाही अक्का."

"त्याला करायची होतीस रे."

हुलिगेम्मा खळखळून हसली, पण लगेच थांबली. "परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. बाकीचं सगळं झालंय माझं. वीज तेवढी राहिलीय. मला विज्ञानात माझ्या जिवावर पास व्हायचंय अक्कोरू. गाव म्हणतं, हिला पुढं ढकलत आणलीय."

एवढ्यात हेडमास्तर आले. हसरा माणूस. मला अशा हसऱ्या माणसांची हल्ली भीती वाटते.

"पुस्तकाचं काय घेऊन बसलात अक्कोरू? मी सगळी सोय केलीय. पेपर लिहायला माझ्या मेव्हण्याचा मुलगा येतोय. गेल्या वर्षी पंच्याऐंशी टक्के! हिनं नुसतं शेजारी बसायचं."

"शेजारी बसून करायचं काय? वारा घालायचा त्याला?"

"तसं नव्हे हो. बिचारीला कशाला ताप?"

"लिहिणारा खालच्या वर्गातला लागतो. तुमचा भाचा कॉलेजात आहे."

"कागदावर नववीत आहे," हेडमास्तर प्रेमानं म्हणाले. "आणि आपल्या शाळेचा शंभर टक्के निकाल आहे, तो हिच्यापायी मोडायचा का?"

अक्कोरूंनी पेपर लिहिणाऱ्याच्या नावाचा फॉर्म मागितला. हेडमास्तरांनी आम्हाला आपल्या खोलीत नेऊन कपाट उघडलं. आत झेंडा, शिक्के, कबड्डीची ढाल, आणि ढालीमागे एक निळी डबी. अक्कोरूंनी आधी डबीच उचलली.

"ही मैलारीची ना?"

मैलारी सहावीतला. त्याला ऐकू येत नाही. त्याच्या कानाचं मशीन सात महिन्यांपूर्वी अक्कोरूंनीच शाळेत आणून दिलं होतं. त्यानंतर त्या आल्या तेव्हा प्रत्येक वेळी ते त्याच्या कानात होतं. कारण अक्कोरू बसमधून उतरल्या की शिपाई ते कपाटातून काढून त्याच्या कानात बसवायचा, आणि बस गेली की पुन्हा कपाटात. आज बस लवकर आली होती.

"महागाची वस्तू आहे," हेडमास्तर म्हणाले. "पोरगं हरवेल, बिघडवेल. जपून ठेवलीय."

अक्कोरूंनी मागचं झाकण उघडलं. बॅटरीवरचा चिकट कागद अजून निघालेला नव्हता. तो काढल्याशिवाय बॅटरी चालूच होत नाही. म्हणजे सात महिने त्या पोरानं अक्कोरूंच्या मानासाठी कानात एक मुका खडा घालून घेतला होता.

मला वाटलं आता त्या ओरडतील. त्यांनी कागद सोलला, डबी पदरात धरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "फॉर्म."

फॉर्मवर अंगठा होता.

"हुलिगेम्मा, हा अंगठा तू दिलास?"

"दिला. सर म्हणाले, स्कॉलरशिपचा कागद आहे."

"तुला सही येते."

"येते की. कुणी मागितलीच नाही."

हेडमास्तर म्हणाले, "तिला काय दिसणार होतं, सही काय नि अंगठा काय!"

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. अक्कोरूंचा थोरला भाऊ बहिरा होता. आठ वर्षं शेवटच्या बाकावर बसला, दरवर्षी पास झाला. मास्तर दयाळू होते ना! आठवी पास होऊन बाहेर पडला आणि रेशनच्या कागदावर त्यानं अंगठा उठवला, कारण स्वतःचं नाव लिहायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. अक्कोरू या कामाला लागल्या त्या सेवाबिवा करायला नाही, त्या रागानं लागल्या.

"तिला दिसत नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसतं. दिसत असून तुम्ही एका मुलीला फसवून अंगठा घेतलात, आणि ऐकू येत असून एका पोराचे कान कपाटात कोंडलेत. आता सांगा, डोळे-कान तपासणीच्या शिबिरात आधी कुणाचं नाव घालू? नवा फॉर्म काढा."

आणि त्या हेडमास्तरांच्या खुर्चीत बसल्या.

"नापास झाली तर?" हेडमास्तर आता हसत नव्हते.

"तर मी नापास होईन, सर," दारातून हुलिगेम्मा म्हणाली. "तुमचा भाचा नाही होणार."

लिहायला कोण हवं, असं अक्कोरूंनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "नववीतली रेणव्वा. अक्षर चांगलं आहे आणि विज्ञानातलं तिला ढिम्म येत नाही. पदरचं काही घालणार नाही." कोपऱ्यात उभी असलेली रेणव्वा लाजून मान डोलवत होती, जणू तिचं कौतुकच चाललंय. नव्या फॉर्मवर हुलिगेम्मानं सही केली. ती ओळीच्या बाहेर गेली, पण सही होती.

जाताना अक्कोरूंनी मैलारीच्या कानात मशीन बसवलं आणि टाळी वाजवली. पोरगं दचकून रडायलाच लागलं. "रड बाबा," त्या म्हणाल्या, "ऐकू तरी आलं."

माझी शिक्षा अशी: चार संध्याकाळी मी विजेचा धडा मोठ्यानं वाचायचा, अक्कोरूंनी पाटीवर टोचायचा. टोचणीनं उजवीकडून डावीकडे, उलट्या बाजूनं. मी भराभर वाचलं की टोचणी माझ्या दिशेनं यायची.

दरम्यान हेडमास्तरांची तक्रार आली: 'उद्धट वर्तन, खुर्चीचा अवमान.' आमच्या कार्यालयातल्या साहेबांनी अक्कोरूंना नोटीस काढली. कपाटातल्या मशीनबद्दल कुणालाच नोटीस नाही, खुर्चीबद्दल मात्र आहे. ती मीच टाइप केली. अक्कोरूंनी ती वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि मिळाल्याची सही केली.

विज्ञानाच्या पेपरला हुलिगेम्मा आणि रेणव्वा बाकी पोरांच्या तासभरानंतर बाहेर आल्या. रेणव्वाची बोटं सुजली होती. "अक्कोरू, एक प्रश्न हिनं चुकीचा सांगितला," ती रडवेली होऊन म्हणाली. "योगायोगानं मला तेवढाच येत होता. पण मी चुकीचाच लिहिला."

अक्कोरूंनी तिला पोटाशी धरलं.

त्रेचाळीस मार्क मिळाले. एका चुकीच्या उत्तरासकट सगळे हुलिगेम्माचे. शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागला. त्यावर सगळ्यात मोठा फोटो तिचा आणि त्याहून थोडा मोठा हेडमास्तरांचा. जुलै निम्मा सरला तरी अक्कोरूंच्या नेमणुकीचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीविना पडून आहे. मी तो रोज सगळ्यात वर ठेवतो, साहेब रोज खाली सरकवतात. अक्कोरू पिशवी घेऊन फिरतातच आहेत, बिनपगारी.

विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी केंद्राबाहेर मी रेणव्वाला चार मिरची भजी आणि चुरमुरे कबूल केले होते. गाडीवाल्याचं पीठ संपलेलं निघालं. म्हटलं, पुढच्या खेपेला नक्की. त्यानंतर दोनदा होसगुड्डला जाऊन आलो. दोन्ही वेळा रिकाम्या हातानं, आणि ती दिसल्यावर मी दुसऱ्या गल्लीनं गेलो.