डोळ्यांत माती टाकणारे नागोराव

"पोरगी ठेवा गुरुजी, पन माझ्यावर इश्वास ठेवू नका." लातूरला बारावीच्या क्लाससाठी आप्पा मला सोडायला आले, तेव्हा मामींसोबत मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या नागोराव मामांनी दारातच त्यांचं असं स्वागत केलं. धिप्पाड काळा देह, कुस्तीत चुरगळलेले कान आणि भुवईतून आरपार गेलेला वण. असा माणूस दार अडवून उभा राहिला, की गोड बोलला तरी धडकीच भरायची. पण हे वाक्य ते प्रत्येक मुलीच्या बापाला ऐकवत. कधीही न सांगता या, थेट स्वयंपाकघरात जा, पोरीला बाजूला घेऊन विचारा आणि मग चहा घ्या, असा त्यांचा शिरस्ता होता.

आमचे आप्पा देगलूरला प्राथमिक शिक्षक. संशय त्यांच्या रक्तातच होता. एसटीत तिकीट घेतलं की आधी कंडक्टरच्या तोंडाकडे बघत आणि मग तिकिटाकडे. मीही त्यांचीच लेक. तरी, माझ्यावर विश्वास ठेवू नका असं स्वतःच सांगणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता आणि त्यामुळे त्यांचा संशय दुप्पट झाला. "या माणसाला कुठंतरी पाहिलंय," असं पुटपुटत ते परत गेले.

भूकंपाला तेव्हा काही वर्षं झाली होती. लातूरची माणसं अजून भिंतीला पाठ लावून झोपायला कचरत, पण त्याच भिंतींवर क्लासच्या जाहिरातींना जागा पुरत नव्हती. मामा आम्हाला क्लासपर्यंत पोचवायला येत आणि वाटेतले फलक मोठ्यानं वाचत. एकदा एकाच मुलीचा फोटो समोरासमोरच्या दोन क्लासच्या फलकांवर झळकत होता. मामा थांबले. "ही पोरगी हितंबी पहिली आन तितंबी पहिली? नुरा हाय." नुरा म्हणजे हार-जीत आधीच ठरवून केलेली कुस्ती. त्या दोन क्लासचे सर भर सभेत एकमेकांना पाण्यात पाहत, त्यावरही मामांचं मत ठरलेलं होतं. "खरे भांडनारे पब्लिककडं बघून भांडत न्हाईत, पोरी."

दिवाळीनंतर आप्पा आले तेव्हा मामा उघड्या अंगानं पाण्याचा पिंप उचलत होते. आप्पा जागीच थांबले; आता त्यांना ओळख पटली. नांदेडला पूर्वी तिकीट लावून कुस्त्या व्हायच्या, तिथे गोऱ्यापान पैलवानाच्या डोळ्यांत माती टाकणारा एक काळा बदमाश असायचा. पब्लिक त्याला आईबहिणीवरून शिव्या घालायचं. आप्पांनी तर त्याला आपली चप्पल फेकून मारली होती आणि एक पाय अनवाणी घेऊन घरी आले होते.

"सामान उचल," आप्पा मला म्हणाले.

परीक्षा तोंडावर होती आणि त्या दिवसांत लातुरात दुसरी खोली मिळणं म्हणजे अशक्यच. देगलूरला परत जायचं म्हणजे क्लास सुटला आणि पुढचं शिक्षणही. मी रडायलाच लागले. आप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"डोळ्यांत माती टाकणारा तो तुम्हीच ना?"

"हाव. मीच."

"लाज नाही वाटली?"

"धंदा होता गुरुजी. त्यानं जितायचं आन मी शिव्या खायच्या, ठरलेलं असायचं. त्याला उचलून आपटताना त्याच्या मानंखाली माझा हात असायचा. ते तिकीट काढनाऱ्यांला दिसत न्हाई."

"मग आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"मी कुठं म्हनलो ठेवा? शनवारी सकाळची शाळा असती तुमची. शाळा सुटली की गाडीत बसा, दर शनवारी येऊन बघून जा."

आप्पांना कुणी आव्हान दिलं की ते मागे हटत नसत. "येतोच," ते म्हणाले आणि माझी ट्रंक जागेवर राहिली.

मग दर शनिवारी आप्पा उदगीरमार्गे येणाऱ्या गाडीनं येऊन थडकू लागले. पिठाचा डबा उघडून बघत, कड्या-कोयंडे हलवून बघत. मामा मागे हात बांधून त्यांच्याबरोबर फिरत आणि राहिलेलं दाखवत. "न्हाणीघर ऱ्हायलं गुरुजी."

त्याच वेळी आम्ही मुली टीव्हीवर परदेशी कुस्ती लावून बसलेल्या असायचो. गेल्या आठवड्यातला दुष्ट आज टाळ्या घ्यायचा, आणि आम्हाला तोच आवडायचा. मामा वैतागत. "ह्यात बदमाश कोन हाय तेच कळंना. बदमाश बदमाशच पाहिजे. पब्लिक आठ दिस सायबाचं, सासऱ्याचं ऐकून घेऊन येतंय. मनातल्या शिव्या टाकायला त्याला जागा नको? आखाड्यात न्हाई सापडला, तर ते गल्लीत बदमाश शोधतंय."

"मामा, माणसं अशी नुसती काळी-पांढरी नसतात," मी म्हणाले.

"मानसं नसतेत. कुस्ती असती. म्हनून तर तिकीट काढतेत."

"म्हणजे तुम्ही समाजसेवाच केलीत म्हणा," आप्पा खवचटपणे म्हणाले.

पुढच्या शनिवारी आप्पा आले ते तोंड घट्ट मिटूनच. गाडीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की भूकंपात पडलेल्या एका गावात नागोरावांना चोरी करताना धरलं होतं. आप्पांनी मला समोर बसवलं, मामींनाही बोलावलं आणि सरळ विचारलं.

"धरलं होतं. खरं हाय," मामा म्हणाले. "चोरी न्हाई केली. पन धरलं होतं."

भूकंप झाला त्या सकाळीच ते फावडं घेऊन त्या गावात पोचले होते. पडक्या घरांतलं सोनं-नाणं उचलायला चोर फिरताहेत, अशी तेव्हा आवई होती. त्या गावच्या जत्रेत मामांची कुस्ती झालेली होती. तोंड बघताच लोकांनी ओळखलं आणि लिंबाला बांधून घातलं.

"समोरच्या ढिगाखालून एक बाई हाका मारत होती. मला ऐकू येत होतं. म्हनलं, मला बांधा, मारा, पन आधी हात सोडा. ते म्हनले, त्योच रे त्यो, माती टाकनारा. आन ढिगावर जायला त्यांच्यातलं कुनी मोकळं नव्हतं, ज्याची त्याची मानसं गाडलेली. मला दुपार कलल्यावर सोडलं. तवर ती बाई गप झाली होती."

मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

"त्या लोकांचा राग नाही येत?" आप्पांनी विचारलं.

"येतो की. पन लई वर्षं त्यांच्या डोळ्यांत माती मीच टाकली होती ना. कुस्ती सुटल्यावर ती निघत न्हाई, हे मला तरी कुठं ठाव होतं?"

आप्पांनी पिशवी उचलली आणि चहा न घेताच ते निघून गेले. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. आता आप्पा येणार आणि मला घेऊन जाणार, याची माझी खात्रीच झाली होती.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. नांदेडला माझं औषधांचं दुकान आहे आणि डॉक्टरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय मी गोळी देत नाही. पण मामांची आठवण निघाली, की मला त्यानंतरचा शनिवार दिसतो. आप्पा आलेच नाहीत. उदगीरची गाडी येऊन गेली, तिच्यामागची गेली. मामा दारातून हलेनात. शेवटी मला घेऊन ते कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि देगलूरला आमच्या शेजारच्या दुकानात फोन लावून त्यांनी आप्पांना बोलावून घेतलं.

"गुरुजी, कामून आला न्हाईत? बरं हाय ना?"

मी रिसीव्हरला कान लावून उभी होते. "बरं आहे," आप्पांचा आवाज आला. "आता यायची गरज वाटत नाही. पोरगी तुमच्याकडे आहे ना."

मग मामांनी रिसीव्हर हळूच ठेवला, हातात होती ती सगळी चिल्लर काचेवर ओतली आणि उरलेले पैसे न घेताच बाहेर पडले. मला त्या दिवशी आप्पांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. मी मागून धावत मामांना गाठलं, तर त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"तुझा बाप लई भोळा हाय गं," ते म्हणाले. "सांभाळ त्याला."