तेल लावलेली नाणी

आमच्या घरी नाण्यांना तेल लावायची पद्धत होती. हे मी शाळेतल्या सहकारी बायकांना सांगितलं की त्या हसतात, आणि गोष्ट हसण्यासारखी आहेच. पण जिवतीच्या डोंगरातल्या आमच्या गावात एखादी धातूची वस्तू जपायची म्हणजे तिला तेल लावायचं, याच्यापलीकडं कुणाला काही ठाऊक नव्हतं. मोहाच्या फळातल्या बीला आम्ही टोळी म्हणतो. पावसाच्या तोंडावर टोळीचं तेल काढून झालं की बाबा आधी कुऱ्हाडीला लावत, मग विळ्यांना, मग वखराच्या लोखंडी पासेला. त्याच तेलकट हातांनी ते आत जाऊन नाण्यांचा पोंगा घेऊन येत.

पोंगा म्हणजे हातभर लांबीचं बांबूचं नळकांडं, तोंडाला चिंधीचा बोळा. त्यात साठेक नाणी होती. आमचा डोंगर पूर्वी निजामाकडं होता, त्यामुळं चारमिनारवाली बरीच. शिवाय भोकाचे पैसे, कमळ असलेले पिवळे वीस पैसे, आणि काही इतकी झिजलेली की त्यांच्यावर राजा होता की देऊळ, कळायला मार्ग नाही. पण प्रत्येकाची हकिगत बाबांना पाठ. हे नांगरताना सापडलं. हे एका कासारणीनं दिलं, तिची बांगड्यांची टोपली पुराच्या नाल्यातून पलीकडं नेऊन दिली म्हणून. बाबा एकेक नाणं काढत, चिंधीनं पुसत, हकिगत सांगत, आमच्या तळहातावर ठेवत आणि परत पोंग्यात टाकत. मगच दुसरं निघे. घरातला ठेवा एकदम उघडा मांडायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही भावंडं आपल्या पाळीसाठी भांडत असू. दुसऱ्या दिवशीही हातांना त्या तेलाचा उग्र वास येई. लोकांना तो आवडत नाही. मला आजही तो आला की जीव कासावीस होतो.

पुढं मी शिक्षिका झाले, गोंडपिपरीत खोली केली. बाबांची नजर अधू झाली म्हणून मीच त्यांना चंद्रपूरला दवाखान्यात घेऊन गेले. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी जमेल तितकी धरून ठेवू. परतीच्या एसटीत बाबांनी थेंबांची बाटली खिशात नीट ठेवली. मग म्हणाले, "सगळे नाणे एकदा एका जागी पाहीन म्हणतो, बाई. डोळे आहेत तवर."

आयुष्यभर ज्यांनी एकदम मांडू दिली नाहीत, त्यांनीच हे म्हणावं! मी मान फिरवून खिडकीबाहेर पाहत बसले. त्याच आठवड्यात पोंगा गोंडपिपरीला आणला.

अल्बम घेतला तो मार्कंड्याच्या जत्रेतून. महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठानं दुकानं लागतात, त्यात एका फोटोफ्रेमवाल्याकडं लाल पुठ्ठ्याचा, आत मऊ लुसलुशीत प्लास्टिकचे कप्पे असलेला अल्बम दिसला. पानं कशी चमकदार! मी भाव पाडून घेतला आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले. रविवारी नाणी मांडायला बसले. आता ही कायमची आत जाणार, म्हणून भरून ठेवायच्या विळ्याला लावावं तसं प्रत्येकाला तेलाचं एक जास्तीचं बोट लावलं. वर्गात पोरांना विज्ञान शिकवणारी बाई मी. तेल, प्लास्टिक आणि आमच्याकडचा उन्हाळा एकत्र आले की काय होईल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

अक्षय तृतीयेला गावी न्यायचा बेत होता. पण परीक्षा आल्या, मग पेपर, मग कसलंसं प्रशिक्षण. अल्बम टिनाच्या छपराखाली कपाटावर पडून राहिला. जूनमध्ये खाली काढला तेव्हा पानं एकमेकांना चिकटली होती. ओढून सोडवली तर आत हिरवा, चिकट चिखल. नाणं कुठलं आणि कप्पा कुठला, ओळखू येईना. मी फरशीवर बसले आणि रडले.

रडून झाल्यावर जे केलं ते आणखी वाईट. पितळेची भांडी घासतात तशी चिंच आणि राख घेऊन एकेक नाणं घासलं. हिरवं गेलं, त्याबरोबर काळंही गेलं. इतक्या वर्षांच्या हातांनी आणि तेलानं चढलेला तो गडद रंग मोरीतून वाहून गेला. नाणी उजळ, फिकी, कालच पाडल्यासारखी दिसायला लागली. तेव्हा मला वाटलं, चला, वाचली.

चंद्रपुरात एका बोळात जुनी तिकिटं-नाणी विकणारे एक गृहस्थ बसतात. त्यांच्याकडं नवा अल्बम मागायला गेले आणि नमुन्याला दोन नाणी दाखवली. त्यांनी भिंगातून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "नाणं धुवायचं नसते, मॅडम. तुम्ही तर घासलं." एवढंच म्हणाले. मुख्याध्यापकांनी कधी मला इतकं कमी बोलून इतकं लाजवलं नव्हतं.

पण शिकवलं त्यांनीच. प्लास्टिक आधी नाकाशी धरायला लावलं. नव्या रेनकोटसारखा वास आला की हात लावायचा नाही. चांगला कप्पा कडक असतो, त्याला वास नसतो, बोटाखाली कुरकुरतो. त्यांनी पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी दाखवल्या, मध्ये गोल खिडकी, दोन्ही बाजूंना पातळ पारदर्शक पापुद्रा. नाणं मध्ये ठेवायचं, चौकट मिटायची, चार बाजूंनी पिना मारायच्या आणि पिनांची टोकं पक्कडीनं दाबून सपाट करायची, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. खिडकी नाण्याच्या मापाची हवी. लहान पडली तर कड झाकते, मोठी असली तर नाणं आत हलतं. अल्बम आडवा टाकायचा नाही, पुस्तकासारखा उभा ठेवायचा. आणि तेल? मी भीत भीत विचारलं. ते हसले, म्हणाले, तेल डोक्याला लावा.

मी पट्टी घेऊन साठही नाणी मोजली. निजामाची तांब्याची नाणी जाडजूड, त्यांना पुठ्ठ्याची चौकट पुरेना, तर त्यांच्यासाठी अल्बमच्याच कप्प्यांत बसतील अशा गोल डब्या मागवल्या. पहिल्या खेपेच्या डब्या मोठ्या निघाल्या, नाणी आत खुळखुळत होती. परत पाठवल्या. दुसऱ्या यायला वेळ लागला, कारण पावसात आमच्याकडचे रस्ते कसे असतात ते सर्वांना माहीत आहे. मध्येच वाटायचं, पुरे झालं, आहेत तशीच न्यावीत. पण एकदा घाई करून पाहिली होती. या वेळी काही उणं राहू द्यायचं नाही, असा हट्ट होता माझा. प्रत्येक चौकटीवर माहिती लिहायला जागा असते. तिथं साल आणि टांकसाळ लिहितात म्हणे. मी लिहिलं, 'नांगरताना', 'कासारीणबाईचं', 'आजोबांच्या पगडीतलं'.

दसऱ्याला गावी गेले. थेंब चालूच होते, पण त्या सात-आठ महिन्यांत बाबांची नजर फार उतरली होती. मी दारात उभी राहिले तरी आवाज दिल्यावरच त्यांनी ओळखलं. तरी म्हटलं, उजेडात थोडं दिसत असेल. अंगणात बाज टाकली, त्यांना बसवलं, नवा अल्बम मांडीवर उघडून दिला. उन्हात ती घासलेली नाणी इतकी लखलखत होती की माझेच डोळे दिपले. आता ते विचारणार, हे काय करून ठेवलं, अशा धास्तीनं मी शेजारी बसले. जत्रेतल्या अल्बमपासून चिंचेपर्यंत सगळं सांगून टाकायचं मी ठरवून आले होते.

बाबांनी पानावरून हात फिरवला. एकेका चौकटीवर, डबीवर बोट टेकवत ते खालपर्यंत आले, पान उलटलं, पुन्हा वरून सुरुवात केली. सगळी पानं झाल्यावर त्यांनी मान वर केली. मी बसले होते त्याच्या जराशी पलीकडं पाहत ते हसले.

"तेलानं कसे काळेभोर चमकून राह्यले," ते म्हणाले. "चांगले ठेवले तू, बाई."

इतके महिने मी त्यांच्या रागाला भीत होते, आणि त्या घडीला मला दुसरं काही नको होतं. त्यांना ती फिकी नाणी दिसावीत आणि त्यांनी माझ्यावर कडाडून ओरडावं, एवढंच वाटत होतं.